शारदीय बहुवर्षायू फुलझाडे (सातारा–सांगली)

भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत फुलणारी आणि एकदा रुजली की वर्षानुवर्षे टिकणारी झाडे. यांतली बरीचशी उन्हाळ्यात जमिनीवर दिसतही नाहीत. कंद, गड्डा किंवा मुळाजवळच्या काश्या तेवढ्या जिवंत राहतात आणि पावसाबरोबर त्यांना धुमारे फुटतात. झेंडू-तेरड्याचा रंग बियांवर अवलंबून असतो, यांचा मागल्या वर्षीच्या साठवणीवर.

कासचे पठार : सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किमीवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मी. उंचीवरचा हा जांभ्याचा सडा आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील चार असून कास त्यांपैकी एक. सोनकी, तेरडा, सीतेची आसवे यांचे जे गालिचे छायाचित्रांत दिसतात ते बहुतांशी वर्षायू झाडांचे, म्हणून या नोंदीच्या कक्षेबाहेरचे. कासची खरी श्रीमंती कंदांत आहे. मातीचा थर इतका पातळ, की पाऊस सरताच कातळ तापतो आणि कोवळी मुळे जळतात. कंद असलेली झाडे तेवढी पुढच्या पावसाची वाट पाहू शकतात.

सड्यावरच्या उथळ डबक्यांत वायतुरा वाढतो. जांभळट-गुलाबी फुलांची त्याची कणिशे जोडीने, दुबेळक्यासारखी उभी राहतात. साताऱ्याचेच नाव धारण करणाऱ्या या जातीचे शास्त्रीय वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

कंदीलपुष्पांचा अधिवास गवताळ उतारांवर. फूल बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढे, खाली फुगीर, वर नळी आणि टोकाशी जुळलेल्या पाकळ्यांचा पिंजरा. वासाने ओढली गेलेली चिलटे नळीत उतरतात. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने त्यांना परतता येत नाही. पुढे केस सुकतात, फूल कलते आणि परागांचे पुंजके अंगाला चिकटलेले चिलट मोकळे होते. गुराखी पूर्वापार या झाडांचे कंद उकरून खात आले आहेत. सह्याद्रीतील अनेक जाती दुर्मिळ झाल्याने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी त्यांचे संवर्धन हाती घेतले. बागेसाठी म्हणून पठारावरचा एकही कंद उपटू नये. कुंडीत तो बहुधा मरतो आणि सड्यावरची जागा कायमची रिकामी होते.

टोपली कारवी हे झुडूप उपड्या टोपलीसारखे गोलसर वाढते आणि सहसा सात वर्षांनी एकदम बहरते. २०१६ साली कासवर निळा-जांभळा बहर सर्वदूर होता. तिच्या शास्त्रीय नावाबाबत वनस्पतिशास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. कारवीच्या कुळातील झाडांवर महाबळेश्वरचे मधपाळ विसंबून असतात. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

पठारावर चराई असावी की नसावी, कुंपणाने फुलांचे भले झाले की नुकसान, यावर मतभेद आहेत.

कळलावी : कुंपणावर चढणारी वेल, पानांच्या टोकांचे ताणे करून आधार धरते. पाकळ्या उमलताना हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. एकाच वेलीवर सगळ्या छटा एका वेळी दिसतात. दरवर्षी जुना कंद सुकतो आणि नवा दुबेळक्याचा कंद तयार होतो. साऱ्या झाडात, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जहाल विष असते. लहान मुले आणि गुरे असलेल्या परसात ती लावू नये.

शेवंती : बागेतल्या शारदीय फुलझाडांत अग्रमान हिचाच. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या की कळ्या धरते, म्हणून नवरात्र-दिवाळीला बाजारात येते. रात्री अंगणातला दिवा झाडावर पडत राहिला तर कळ्या लांबतात. राजा, झिपरी, पिवळी व पांढरी रेवडी, सोनाली तारा हे परिचित वाण. फुले संपल्यावर झाड जमिनीलगत छाटतात आणि बुडाशी फुटलेल्या काश्या एप्रिल-मेमध्ये वेगळ्या करून लावतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडतात. फांद्या वाढतात आणि फुलेही. बहुवर्षायू असली तरी तीच झाडे त्याच जागी ठेवल्यास फुले बारीक होत जातात, म्हणून दरसाल नवी लागण करणे चांगले.

गुलबक्षी, कर्दळ, अबोली : परसात सर्वत्र.

सांगली जिल्हा : पूर्वेकडच्या जत, आटपाडी, कवठे महांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत पिवळी कोरांटी पाण्यावाचून तग धरते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद पीक म्हणून वर्षाकाठी काढली जाते, पण मूळची ती गड्ड्याची बहुवर्षायू वनस्पती. पावसाळ्याच्या अखेरीस पानांच्या पोंग्यातून तिचा फुलोरा निघतो : फिकट हिरव्या-पांढऱ्या, कधी गुलाबी झाक असलेल्या छदांच्या खोबणीत बारीक पिवळी फुले. शोभेसाठी चार-सहा गड्डे न काढता अर्धसावलीत राखले, तर ते दरवर्षी फुटून येतात.