दोन सूक्ष्म जीवांचें सख्य

भंडारा जिल्ह्यांतील सिहोरा हा धानाचा मुलूख. रोवणी आटोपून बांध्या हिरव्या झाल्या, कीं शेतकऱ्याच्या मनांत खोडकिड्याची धास्ती उभी राहते. अळी खोडांत शिरली म्हणजे मधला पोंगा सुकतो. लोंबी निघालीच तर पांढरी व पोचट निघते. अशा किडींचा काळ ठरणारें एक जोडपें मातींतच वसत असतें; परंतु त्याची पुरी ओळख पटण्यास मनुष्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

या जोडप्यांतील एक म्हणजे सूत्रकृमि. इ. स. १९२३ मध्यें स्टायनर यांनीं अशा एका कृमीचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९२९ मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत ग्लेझर यांना जपानी भुंगेऱ्याच्या मृत अळ्यांत तसाच कृमि आढळला. त्यांनीं तो कृत्रिम अन्नावर वाढवून शेतांत सोडला. पण त्याच्या सोबत्याची वार्ता त्यांना नव्हती. तो सोबती म्हणजे कृमीच्या आंतड्यांत राहणारा जंतु. १९६५ मध्यें पॉयनर व टॉमस यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हां कोडें उलगडलें.

कृमि अळीच्या मुखावाटे किंवा श्वासरंध्रावाटे आंत शिरतो व जंतूंस तिच्या रक्तांत सोडतो. एकदोन दिवसांत अळी मरते. जंतु तिचें प्रेत इतर सूक्ष्म जीवांपासून राखतात. कृमि त्याच अन्नावर पोसून प्रजा वाढवितात. नवी पिढी निघतांना जंतूंची शिदोरी पोटांत घेऊनच निघते. कृमीवांचून जंतूस वाहन नाहीं, आणि जंतूवांचून कृमीचा वंश नीट वाढत नाहीं.

भारतांत १९६० नंतरच्या दशकांत परदेशी कृमि आणून धान व ऊस यांच्या किडींवर प्रयोग झाले. पुढें १९९२ मध्यें कोइमतूरच्या उसाच्या प्रदेशांतून मिळालेल्या एका जातीस भारताचेंच नांव मिळालें.

तथापि, हें साधन म्हणजे जादूची कांडी नव्हे. ऊन व कोरडेपणा कृमीस मारक ठरतात, आणि खोडांत दडलेल्या अळीपर्यंत पोहोंचणें त्यास कठीण जातें. मातींतील हुमणी मात्र त्याच्या आटोक्यांत येते. म्हणून सिहोऱ्याच्या शेतकऱ्यानें या मित्रावर विसंबण्यापूर्वी शत्रु कोठें दडला आहे, हें आधीं पाहावें.