अकरावीचा प्रवेश आणि पालकांचा वैताग : एक छोटा इतिहास

ठाण्याच्या पूर्वेला, रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात, कोपरी वसलेली आहे. दहावीचा निकाल लागला की इथल्या घराघरांत एकच गणित सुरू होते. रूळ ओलांडून पश्चिमेकडे चेंदणीच्या विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयांत जायचे, एक स्थानक पुढे मुलुंडच्या वझे महाविद्यालयात, की थेट माटुंग्याला रुइयात? हे गणित वरवर गुणांचे दिसते. परंतु गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर पालकांचा वैताग मुख्यतः गुणांमुळे नाही, तर नियमांमुळे आहे असे ध्यानात येते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्यानंतर कित्येक दशके खरा अडथळा परीक्षेचा होता. मॅट्रिक झालेला मुलगा कॉलेजात जाणार की नाही, हे घरची ऐपत ठरवी. प्रवेशाचे नियम त्यात फारसे आड येत नसत. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय सुरू झाले ते १९६९ साली, आणि कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ साली. त्याआधीच्या पिढीतल्या ठाणेकरांना महाविद्यालयीन शिक्षण म्हणजे सकाळची मुंबईची गाडी, एवढेच ठाऊक होते.

कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला, आणि मार्च १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. अकरावी शाळेतून उठली व कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन बसली. या बदलाचा शैक्षणिक हेतू काहीही असो, त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पूर्वी आपोआप वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलाला पंधरा-सोळाव्या वर्षी नव्या संस्थेचे दार ठोठवावे लागू लागले. आज ज्याला आपण ‘अकरावी प्रवेश’ म्हणतो, तो प्रश्न इथे जन्मला.

पुढची तीस-पस्तीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर रांग हे होते. पालक महाविद्यालयागणिक अर्ज विकत घेत, भरून देत आणि फलकावर यादी लागण्याची वाट पाहत. ही पद्धत दमवणारी होती, वशिल्याला वाव देणारीही होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र यादी डोळ्यांसमोर असे, शेवटचा आकडा वाचता येई, आणि आपले मूल किती गुणांनी मागे पडले ते कळे.

२००० नंतर मुंबई-ठाण्यात आयसीएसई आणि सीबीएसईच्या शाळा वाढल्या, आणि वेगवेगळ्या मंडळांचे गुण एकाच तराजूत कसे तोलायचे, हा पेच उभा राहिला. वाचकांना पुढील तीन वर्षे आठवत असतील. २००८ साली शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र आणले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांसाठी ठेवण्याचा निर्णय झाला. तोही न्यायालयात टिकला नाही. २०१० साली सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचा नियम आला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, तर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी उचलून धरला. या वादात दोन्ही बाजूंचे पालक प्रामाणिक होते. एकाला वाटे, आपल्या मंडळात गुण सढळ हाताने मिळत नाहीत. दुसऱ्याला वाटे, आपल्या मुलाने अवघड अभ्यासक्रम उगाच पेलला. पण तिन्ही वर्षी, मुलांनी परीक्षा देऊन झाल्यावरही त्या परीक्षेचे मोल कसे होणार, याचा निवाडा व्हायचा होता.

याच काळात, २००९ पासून, मुंबई महानगर क्षेत्रात प्रवेश ऑनलाइन झाले. रांग गेली, वशिल्याचा मोठा भाग गेला, आणि हे चांगलेच झाले. तथापि त्यासोबत पसंतीक्रम लिहिण्याची एक नवीच विद्या पालकांच्या माथी आली. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागते, हा नियम पुढे आला तेव्हा अनेकांना तो यादी लागल्यावरच उमगला. त्यात इनहाउस, व्यवस्थापन व अल्पसंख्याक कोटा. कोपरीत फाळणीनंतर वसलेली सिंधी कुटुंबे आहेत. एकाच इमारतीतल्या मराठी व सिंधी मुलांचे गुण सारखे असूनही, सिंधी भाषिक अल्पसंख्याक संस्थेत त्यांच्यापुढच्या वाटा वेगळ्या असू शकतात. राज्यघटनेने दिलेल्या अधिकारावर तो कोटा उभा आहे. पण हे शेजाऱ्यांना समजावून सांगणारे कोणी नसते, आणि न समजलेला नियम अन्यायासारखाच दिसतो.

हे चक्र पुढेही थांबले नाही. २०१९ साली दहावीचे अंतर्गत गुण काढल्याने राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला; पुढच्याच वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. ज्यांची मुले नेमकी मधल्या वर्षी दहावीला होती, त्यांनी काय म्हणावे? सप्टेंबर २०२० मध्ये मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती मिळाली आणि अकरावीच्या फेऱ्या नोव्हेंबरअखेरपर्यंत अडल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अकरावीसाठीची प्रवेश परीक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली. २०२५ साली सर्व राज्यासाठी एकच ऑनलाइन प्रक्रिया झाली, तेव्हा २१ मे रोजी, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. त्याच वर्षी काही लाख जागा रिकाम्या राहिल्या. म्हणजे तुटवडा जागांचा नव्हता. तो मोजक्या नामवंत महाविद्यालयांतील जागांचा होता.

या इतिहासातून पालकांना दोष देणारे एक सोपे अनुमान काढले जाते : त्यांना नावाचा सोस आहे. सोस आहेच. पण सोळा वर्षांच्या मुलीला सकाळी सातच्या तासाला किती लांब पाठवायचे, हा विचार सोस नव्हे. आणि प्रत्येक सुधारणा मुळात न्यायासाठी झाली, हेही खरे. पर्सेंटाइलपासून संगणकीय यादीपर्यंत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. चूक वेळेची होती. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलले, तर नियम कितीही न्याय्य असले तरी खेळाडूचा विश्वास उडतो.

म्हणून मागणी साधी असावी. मूल नववीत पाऊल ठेवते, त्याच दिवशी त्याच्या अकरावी प्रवेशाचे नियम लिखित स्वरूपात जाहीर व्हावेत, आणि दोन वर्षे त्यांना कोणी हात लावू नये. न्यायालयात जायचे असेल त्याने त्या अवधीत जावे. एवढे झाले तरी कोपरीतल्या घराघरांतले ते गणित सोपे होणार नाही; पण निदान त्यातली पदे मध्येच बदलणार नाहीत.