पंचेचाळीसचें पिस्तूल



मी नोकरींत असतांना खंडेनवमीच्या सुमारास एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, "गुरुजी, ज्यानें माणूस मरतो त्या शस्त्राला सुंदर कसें म्हणावें?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. एका अमेरिकन पिस्तुलाचा इतिहास वाचतांना तो प्रश्न मला पुन्हा आठवला. हें पिस्तूल शंभर वर्षांहून जुनें आहे. तरी आजही तें नव्यानें घडविलें जातें, आणि त्याचे शौकीन त्याच्याविषयीं जुन्या स्नेह्यासारखे बोलतात.

त्याचा जन्म मात्र सुखाच्या प्रसंगीं झालेला नाहीं. इ. स. १८९८ च्या युद्धानंतर अमेरिकेनें स्पेनकडून फिलिपाइन्स बेटें घेतलीं. तेथील दक्षिणेकडील मोरो लोकांनीं हें नवें राज्य निमूटपणें मान्य केलें नाहीं. आपल्या ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही चालून येणारा मोरो योद्धा थांबत नाहीं, अशी तक्रार अमेरिकन सैनिक करूं लागले. तेव्हां १९०४ सालीं थॉम्प्सन व लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं शिकागोच्या कत्तलखान्यांतील जनावरांवर, तसेंच मृत मानवी देहांवर प्रयोग केले; आणि गोळीचा व्यास ०.४५ इंचाहून कमी नसावा, असा निष्कर्ष काढला. आपल्या भूमीसाठीं लढणाऱ्यांचें धैर्य हेंच या शस्त्राच्या जन्माचें एक कारण झालें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

तें घडविणारा कारागीर जॉन मोझेस ब्राउनिंग. १८५५ सालीं यूटा प्रांतांतील ऑग्डेन गांवीं बंदुका करणाऱ्याच्याच घरीं तो जन्मला. १९११ च्या मार्च महिन्यांत त्याच्या पिस्तुलाची परीक्षा झाली. दोन दिवसांत सहा हजार गोळ्या झाडावयाच्या होत्या. पिस्तूल तापलें कीं पाण्याच्या बादलींत बुडवावें आणि पुन्हा झाडूं लागावें, असा क्रम चालला. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचें पिस्तूल ३७ वेळां अडलें. ब्राउनिंगचें एकदांही अडलें नाहीं. २९ मार्च रोजीं अमेरिकन सैन्यानें तें स्वीकारलें.

त्याची रचना शाळेंतील मुलालाही समजावून सांगतां येईल. गोळी सुटतांच नळी आणि तिच्यावरील सरकतें आवरण हीं दोन्हीं एकमेकांत गुंतलेलीं अशीं किंचित् मागें जातात. मग नळीखालची एक लहानशी कडी नळीचें मागचें टोंक खालीं ओढते. गुंता सुटतो, आवरण एकटेंच मागें जातें, रिकामें काडतूस बाहेर फेंकतें, आणि स्प्रिंगच्या जोरानें परत येतांना नवें काडतूस नळींत ढकलतें. मुठींत सात काडतुसें मावतात. मूठ नीट आवळल्यावांचून चाप चालत नाहीं. तो चापही खुंटीभोंवतीं न फिरतां सरळ मागें सरकतो. नेमबाजांना हें फार प्रिय आहे. शिवाय, विशेष हत्यारांवांचून हें पिस्तूल उघडतां व पुसतां येतें.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांत किरकोळ फेरफार झाले. ब्राउनिंग १९२६ सालीं बेल्जममधील लिएज येथें कारखान्यांतच वारला. दुसऱ्या महायुद्धांत हें पिस्तूल टंकलेखनयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन रँडनें आणि रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या एका कंपनीनेंही बनविलें. आपल्या घरोघरीं ओळखीची असलेली शिवणयंत्राची सिंगर कंपनी, तिनेंही पांचशें पिस्तुलें केलीं. आज संग्राहक त्यांच्यासाठीं मोठी रक्कम मोजतात.

१९८५ सालीं अमेरिकन सैन्यानें त्याच्या जागीं इटालियन बेरेटा घेतलें. नव्या पिस्तुलांत पंधरा काडतुसें मावत होतीं. जुनें रिकामें असतांनाही सुमारें ११०० ग्रॅम भरतें, आणि गोळ्या सातच. हे दोष शौकिनांना ठाऊक आहेत. तरीही नेमबाजीच्या स्पर्धांतून तें गेलें नाहीं. २०११ सालीं यूटा राज्यानें तर त्यास आपलें राज्यशस्त्र म्हणून मान दिला.

या लोभाचें मूळ कशांत असावें? माझ्या मतें तें त्याच्या उघडेपणांत आहे. प्रत्येक भाग कां आहे, हें हातांत घेतल्यावर कळतें. झिजला तर बदलतां येतो. आणि आजोबांनीं वापरलेली वस्तु नातवाच्या हातींही तसेंच काम करते. ज्या वस्तूचें अंतरंग आपणांस कळतें, तिच्यावर माणसाचा जीव जडतो.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. सौंदर्य आहे तें कारागिराच्या बुद्धींत आणि हातांत. त्यास सुंदर म्हणावयास हरकत नाहीं. पण तें पिस्तूल कोणावर रोखलें गेलें, हें त्याच्या लोखंडावर लिहिलेलें नसतें. तें इतिहासांतच वाचावें लागतें. वस्तूवर प्रेम करावें, आणि तिचा इतिहासही लक्षांत ठेवावा. एवढेंच उत्तर, थोडें उशिरां कां होईना, मी त्यास देऊं शकतों.