विमा-दलालाची दुहेरी बांधिलकी

विम्याच्या व्यवहारात दलाल नेमका कोणाचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तो विमा उतरवणाऱ्याच्या वतीने बोलतो. परंतु त्याची दलाली मात्र विमेकऱ्याला मिळणाऱ्या प्रीमियममधून वजा होते. या विसंगतीचा उगम लंडनच्या सागरी विम्याच्या इतिहासात सापडतो.

एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहाचा उल्लेख १६८८ पासून आढळतो. पुढे १७२० च्या कायद्याने सागरी विम्याचा मक्ता कंपन्यांपैकी केवळ दोघींना दिला. व्यक्तिशः विमा घेणाऱ्यांना मात्र मोकळीक राहिली. हा मक्ता १८२४ पर्यंत टिकला. एका जहाजाची जोखीम एकट्या व्यक्तीस पेलणारी नसे. म्हणून ती अनेकांत वाटावी लागे. हे काम दलालाचे. तो जोखमीचा तपशील एका चिठ्ठीवर मांडून प्रथम एखाद्या जाणत्या विमेकऱ्याकडे जाई. त्याने दर ठरवून आपला हिस्सा लिहिला, की इतर त्याच्यामागून सह्या करीत. साहजिकच दलाल निवडताना व्यापाऱ्यास दोन गोष्टी पाहाव्या लागत : त्याच्या शब्दाला बाजारात किती पत आहे, आणि नुकसान झाल्यावर तो भरपाई वसूल करून आणील काय.

ही पतच दलालाचे भांडवल होती आणि तीच त्याची अडचणही होती. इंग्लंडच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याने जुनी प्रथा शब्दबद्ध केली. तीनुसार, वेगळा करार नसल्यास, प्रीमियमसाठी विमेकऱ्यास थेट जबाबदार दलाल; नुकसानभरपाईसाठी विमाधारकास थेट जबाबदार विमेकरी. म्हणजे दलाल एकाचा प्रतिनिधी असूनही दुसऱ्याचा ऋणको ठरला.

त्याच्या मताला न्यायालयाने किती किंमत दिली, हे १७६६ च्या ‘कार्टर विरुद्ध बोएम’ या खटल्यावरून कळते. सुमात्रातील फोर्ट मार्लबरो शत्रूच्या हाती पडेल, या धोक्याविरुद्ध तेथील गव्हर्नराने विमा उतरवला होता. फ्रेंचांनी १७६० मध्ये किल्ला घेतला. महत्त्वाची माहिती दडवली गेली, असे विमेकऱ्याचे म्हणणे. दलालाची साक्षही त्यास अनुकूल होती. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ती साक्ष म्हणजे घटनेनंतरचे निव्वळ मत ठरवून बाजूस सारली आणि निकाल गव्हर्नराच्या बाजूने राहिला. विम्यातील उभयपक्षी सद्भावाचे तत्त्व या निकालाने दृढ झाले.

भारतात आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये आणि सर्वसाधारण विम्याचे १९७३ पासून झाले. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांना खुले झाले आणि २००२ च्या विनियमांनी विमा-दलालांसाठी परवान्याची चौकट घातली. एजंट विमा कंपनीचा, दलाल ग्राहकाचा, हा भेद तेथे स्पष्ट झाला. दलालाने स्वतःच्या व्यावसायिक चुकांपोटी विमा बाळगावा, अशी अटही आली. तथापि मोबदल्याचा ओघ कंपनीकडूनच राहिला.

तात्पर्य, कायद्याने दलालाची निष्ठा निश्चित केली. त्याच्या उत्पन्नाची दिशा मात्र बदलली नाही. म्हणून दलालाची पारख करताना प्रीमियमच्या दरापेक्षा भरपाईच्या वेळची त्याची वर्तणूक हीच खरी कसोटी ठरते. अठराव्या शतकातील व्यापाऱ्यानेही तीच लावली होती.