बापूकुटी आणि आपली कवेलूची घरे

वारसा म्हटले की आपल्याला किल्ले, राजवाडे आणि दगडी देवळे आठवतात. पण आपल्या जिल्ह्यातली सर्वांत प्रसिद्ध वास्तू मातीची आहे. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, सेवाग्रामला. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत, रांगेत उभे राहून पाहिली. तेव्हा 'इथे गांधीजी राहत' एवढेच वहीत लिहिले गेले. आज जरा वेगळ्या नजरेने, घर म्हणून तिच्याकडे पाहू या.

स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतायचे नाही, असे ठरवून गांधीजी 1930 मध्ये दांडीयात्रेला निघाले. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी शेगाव नावाच्या खेड्यात पोहोचले. मीराबेन तिथे आधीपासून काम करीत होत्या. बुलढाण्याकडच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

तिथे पहिली वास्तू उभी राहिली ती आदी निवास. तिच्या एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा आणि आश्रमातले इतर सारे राहत. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेन यांची झोपडी. तिथे त्या गावकऱ्यांना सूतकताई शिकवत. गांधीजी तिच्यात नंतर राहायला गेले. भिंतींवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा ही मीराबेन यांच्या हातची कला. 25 ऑगस्ट 1946 रोजी गांधीजी इथून दिल्लीकडे निघाले, ते पुन्हा परतले नाहीत.

घर बांधताना अट होती ती साधेपणाची. साहित्य आसपासचे, हात गावातले, खर्च कमीत कमी. त्यामुळे झाले असे की, कुणा शिल्पकाराने आराखडा काढावा तशी ही वास्तू नाही. विदर्भातला शेतकरी जसे घर बांधत आला, तशीच ती आहे. माती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन आत येऊ देत नाही आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. खाली उतरलेले छप्पर आणि भोवतीची पडवी पावसाच्या सडाक्यापासून भिंत वाचवते. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेले नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आले आहे.

1978 च्या जानेवारीत इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामला आला होता. कुटीत बसून त्याला जे जाणवले त्यावर तो बोलला आणि ते भाषण जगभर वाचले गेले. माणसाला राहायला नेमके किती लागते, हा प्रश्न त्याला या मातीच्या खोलीत सापडला.

मात्र दगडी देवळासारखी ही कुटी एकदा बांधून सोडून देता येत नाही. जमीन सारवावी लागते, भिंती लिंपाव्या लागतात, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, वाळवी लागलेले लाकूड बदलावे लागते. म्हणजे आज आपण पाहतो ती माती सगळी 1936 ची नाही. मग जुने काय राहिले? जुनी राहिली ती पद्धत, आणि ती जाणणारे हात. मातीच्या घराचे खरे वारसामूल्य तिथे आहे. ते हात गेले, तर काचेच्या पेटीत ठेवूनही घर टिकणार नाही.

मित्रहो, म्हणूनच मला काळजी वाटते ती बापूकुटीची नाही. तिची निगा राखणारे आहेत. काळजी आहे ती आपल्या गावांतल्या घरांची. आपल्यापैकी कितीतरी जण कुटाराची माती तुडवून लिंपलेल्या घरांतूनच शाळेत येत. वानरांनी कवेलू फोडले की मे महिन्यात घरावर चढणारा जाणता माणूस गावात असे. आता कवेलू घडवणारा कुंभार मिळत नाही, फेरणारा मिळत नाही, म्हणून टिनपत्रे येतात, मग स्लॅब येतो. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. गळक्या घरात राहून वारसा जपा, असे कुणी कुणाला सांगू नये.

पण पाडण्याआधी एवढे तरी करता येईल. घराची मापे घ्यावीत, फोटो काढावेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे: माती कुठून आणत, तिच्यात काय कालवत, कवेलू कोण घडवी, आढ्याला लाकूड कोणते. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला. हाताने काम करता करता शिकणे, हे त्याचे सूत्र. आपल्या गुरुजनांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून शाळेतल्या मुलांकडून एकेका गावातल्या एका जुन्या घराची अशी वही करून घेतली, तर या मेळाव्याची आठवण शाळेच्या कपाटात कायमची राहील. सांगणारी माणसे आज आहेत, तोवर हे व्हावे.