होळकरांची मोटार आणि पत्र्याचा गंज

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) यांची अभिरुची माणिकबाग राजवाड्यात दिसते, तशीच ती त्यांच्या मोटारींतही दिसे. १९३५ सालची त्यांची ड्यूसेनबर्ग अमेरिकेतील इंडियानापोलिसची. तिची नारिंगी व काळी बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्यात घडली. त्या काळी अशा मोटारींची बॉडी साच्यातून निघत नसे. लाकडी सांगाड्यावर कारागीर एकेक पत्रा हाताने ठोकून बसवी.

अशा मोटारीस गंज लागतो तो बहुधा आतून. पत्र्याच्या दुमडीत आणि मडगार्डाच्या पोटात ओल साचून राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून सांधे फुगतात, रंगाला फोड येतात. त्यावर नुसती लांबी भरून रंग दिला, तर आतील कीड वाढतच जाते.

जाणता कारागीर सडका भाग निकोप धातू लागेपर्यंत कापतो, त्याच जाडीच्या पत्र्याचे ठिगळ मूळ वळणाबरहुकूम घडवितो आणि ते दूरदूर टाके घालून सावकाश जोडतो. कारण सलग उष्णतेने पत्रा पिळवटतो. मग आतून ठोकळा धरून बाहेरून हातोडी चालवितो.

सबंध पत्राच बदलणे पुष्कळदा सोपे असते. परंतु त्याबरोबर पहिल्या कारागिराचे हस्तकौशल्यही भंगारात जाते. इंदूर संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. त्या काळाच्या ज्या मोटारी उरल्या, त्यांचा गंज तेवढा काढावा. शाबूत पत्र्याला हात लावू नये.