माटुंग्याचे इंजिन आणि वाया जाणारी उष्णता

जैववायूच्या इतिहासावरील लेखांत एक विधान वारंवार भेटते: मुंबईतील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत 1859 साली जगातले पहिले जैववायू संयंत्र उभे राहिले. विधान सुखावणारे आहे, पण ही वसाहत म्हणून सहसा ज्या माटुंग्याच्या आश्रमाकडे बोट दाखवले जाते, तो सुरूच झाला 1890 मध्ये. म्हणजे आश्रमाआधी एकतीस वर्षे त्याचे मैलापाणी गॅस देत होते, असे मानावे लागेल!

हा आश्रम उभारण्यात पुढाकार होता मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अॅक्वर्थ यांचा. इतिहासप्रेमींना हे नाव परिचित असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध करणारे अॅक्वर्थ ते हेच. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांचे नाव धारण करून आहे.

विश्वासार्ह नोंद आहे ती 1897 ची. त्या वर्षी आश्रमाच्या मैलापाण्याच्या टाक्यांवर गॅस गोळा करण्याची सोय बसवली गेली आणि त्या गॅसवर इंजिन चालवले गेले. इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी 1895 मध्ये सेप्टिक टँक बांधली होती आणि तिच्या गॅसवर दिवेही लागले होते; माटुंग्याने त्याच गॅसकडून यांत्रिक काम करून घेतले. गावाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांच्या मैल्यातून ही शक्ती निघाली. त्या रुग्णांची नावे मात्र या कथेत कोठेच येत नाहीत.

आता उष्णतेकडे वळू. मैल्याचा गाळ कुजवून मिथेन देणारे जीवाणू 35 अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक जोमाने काम करतात. मुंबईच्या हवेत ते फुकटात साधत होते. युरोपच्या हिवाळ्यात टाकी गारठे आणि गॅस आटे. जर्मनीत रूरच्या खोऱ्यात 1927 मध्ये गाळाची स्वतंत्र टाकी तापवण्याची यंत्रणा बसवली गेली, ती या अडचणीवर उतारा म्हणूनच.

पण तापवायचे कशाने? आपलाच गॅस जाळून टाकी तापवावी, तर इंजिनाच्या वाट्याला कमी उरतो. उत्तर इंजिनातच दडलेले होते. त्या काळचे गॅस इंजिन इंधनातील उष्णतेचा जेमतेम पाव भाग कामात बदलत असे. बाकीची थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुराड्यातून निघून जाई. ते तापलेले पाणी गाळाच्या टाकीकडे वळवले, की इंजिन टाकीला ऊब देते आणि टाकी इंजिनाला इंधन. लंडनच्या पश्चिमेला 1936 मध्ये सुरू झालेल्या मॉग्डेनच्या प्रचंड केंद्रात हीच जोडी काम करत होती. माझ्या मते या इतिहासातली खरी कलाटणी हीच. गॅस पेटवणे त्यामानाने सोपे होते.

पुढची पायरी अलीकडची. इंजिनाचा धूर बाहेर पडताना चारशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. एवढ्या उष्णतेवर वाफ करता येते, किंवा पाण्यापेक्षा कमी तापमानाला उकळणारा एखादा सेंद्रिय द्रव उकळवून त्याच्या वाफेवर दुसरे जनित्र फिरवता येते. मात्र थंड देशांत या उष्णतेवर पहिला हक्क टाकीचा असतो, विजेसाठी उरते ते थोडके. उष्ण प्रदेशात टाकीची भूकच लहान. तेथे वर्षाचे बहुतेक महिने धुराड्यातली उष्णता विजेसाठी मोकळी राहू शकते, आणि माटुंग्याची टाकी 1897 मध्ये ज्या हवेच्या भरवशावर शेगडीवाचून चालली, ती हवा मुंबईत आजही तशीच उबदार आहे.